आधी पडदा वाच

अगं, आधी डोळे पूस. तुझा लॅपटॉप गेलेला नाही. तू स्वतः बांधलेलं लिनक्सचं कर्नल चालू झालं नाही, एवढंच झालंय. प्रोजेक्ट, फोटो, डिप्लोमाची सर्टिफिकेटं सगळं डिस्कवर जिथल्या तिथे आहे, कारण कर्नल अडलं ते डिस्क उघडायच्याही आधी. जिच्यापर्यंत ते पोचलंच नाही, तिच्यावरचं ते पुसणार कसं? अण्णांनी टोमॅटोच्या पैशातून घेतलेली वस्तू आपण घालवली म्हणून तुझ्या पोटात जो गोळा आलाय, तो आधी जाऊ दे. अण्णांपासून लपवू नकोस. फक्त ‘बिघडला’ असं सांगू नकोस, कारण ते खरं नाही. ‘एक नवीन गोष्ट करून बघतेय, जरा वेळ लागेल’ असं सांग. ते समजून घेतील.

आणि तो जो कोणी ‘आण इकडे, फॉरमॅट मारून देतो’ म्हणतोय, त्याला सरळ नाही म्हण. बूट न होणं आणि डिस्क खराब होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फॉरमॅटने तुझं कर्नल का अडलं हे कधीच कळणार नाही, आणि जे शाबूत आहे तेवढं मात्र जाईल. पुण्यात मी सर्व्हर सांभाळते. घाईने पुसलेली मशिनं पाहिलीत आणि त्यापायी गेलेली माणसांची वर्षांची कामंही पाहिलीत. म्हणून हे इतकं ठासून सांगतेय.

मी कमांड उच्चाराप्रमाणे लिहितेय, तू टाइप करताना इंग्रजीत टाइप कर.

आता लॅपटॉप चालू कर. पॉवरचं बटण दहाएक सेकंद दाबून पूर्ण बंद कर, मग परत चालू कर, आणि कंपनीचं चिन्ह दिसताच एस्केप दाब. जुन्या बायोसच्या मशिनवर त्याऐवजी शिफ्ट धरून ठेवावं लागतं. ग्रबची, म्हणजे कोणतं कर्नल चालू करायचं ते निवडायची, यादी येईल. एस्केप जास्त वेळा दाबलं गेलं तर यादीऐवजी नुसतं ‘ग्रब’ आणि पुढे बाणासारखी खूण असा पडदा येतो. घाबरू नकोस, ‘नॉर्मल’ टाइप करून एंटर दे आणि एकदाच एस्केप दाब, यादी परत येते. तिथे ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स फॉर उबुंटू’ निवड. आत तुझ्या नव्या कर्नलच्या खाली उबुंटूचं जुनं कर्नल असेल, ते घे. रिकव्हरी मोड नको, साधंच घे. लॅपटॉप काल होता तसा उघडेल. टर्मिनलमध्ये ‘यूनेम’ आणि पुढे वजा आर देऊन खात्री कर की जुन्याच कर्नलवर आहेस.

नवं कर्नल बसवताना जुनं आपोआप निघून जात नाही, दोन्ही शेजारी शेजारी राहतात. त्यामुळे हा मार्ग नेहमी उघडा असतो. तू कधी ‘जागा कमी पडतेय’ म्हणून जुनी कर्नलं काढायला गेलीस, तर चालणारं एक तरी ठेव. या बाबतीत मी कोणाशी तडजोड करत नाही.

आता खरं काम. रात्री पाठवलेल्या फोटोत फक्त शेवटची ओळ आहे, ‘कर्नल पॅनिक, नॉट सिंकिंग, व्हीएफएस, अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक’ आणि कंसात शून्य, शून्य. चांगली ओळ आहे ही, खूप काही सांगते. पण तिच्या वरच्या पाचसहा ओळी अजून जास्त सांगतात आणि त्याच तू कापल्यास. नवं कर्नल परत एकदा मुद्दाम चालू कर आणि या वेळी मोबाइलवर व्हिडिओ काढ, म्हणजे भराभर वर सरकणाऱ्या ओळीही थांबवून वाचता येतील. त्याआधी ग्रबच्या यादीत नव्या कर्नलवर उभी राहून ‘ई’ दाब. ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी ‘क्वाएट’ आणि ‘स्प्लॅश’ असे दोन शब्द असतील, ते खोड आणि एफ-१० दाब. या दोन शब्दांनीच तुझ्या मशिनचं बोलणं झाकलं होतं. हा बदल तेवढ्या एका वेळेपुरताच असतो, म्हणून मनात धाकधूक नको.

व्हिडिओत ‘हिअर आर द अव्हेलेबल पार्टिशन्स’ किंवा ‘लिस्ट ऑफ ऑल पार्टिशन्स’ अशी ओळ शोध. तिच्या खाली काय आहे त्यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. खाली डिस्कची आणि तिच्या भागांची नावं आली असतील तर कर्नलला डिस्क दिसतेय, फक्त तिच्यावरची फाइलसिस्टिम वाचता येत नाहीये किंवा तिच्यातला कोणता भाग उघडायचा ते ओळखता येत नाहीये. अडचण फाइलसिस्टिमचीच असेल तर कंसातले आकडेही बहुधा शून्य नसतात. साध्या साटा डिस्कला ८, एनव्हीएमईला २५९ असा पहिला आकडा येतो. खाली काहीच नसेल, यादी रिकामी असेल, तर कर्नलला डिस्क नावाची वस्तूच सापडलेली नाही. तुझ्या शून्य-शून्यवरून मला दुसरीच शक्यता जास्त वाटते.

असं का होतं ते नीट समजून घे, कारण कर्नल बांधणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाची पहिली ठेच इथेच लागते. लॅपटॉप चालू झाल्यावर ग्रब दोन फायली मेमरीत आणतो. एक कर्नल स्वतः, दुसरी इनिटआरडी. कर्नलला डिस्क उघडायला तिचा ड्रायव्हर लागतो. उबुंटूच्या मांडणीत बरेच ड्रायव्हर वेगळ्या मॉड्यूलच्या फायली म्हणून असतात, आणि त्या फायली असतात त्याच डिस्कवर. म्हणजे घराला कुलूप आणि किल्ली घरात. इनिटआरडी म्हणजे बाहेर शेजाऱ्याकडे ठेवलेली दुसरी किल्ली. त्या छोट्या पुडक्यात डिस्क उघडण्यापुरती मॉड्यूलं आणि थोड्या स्क्रिप्ट असतात. कर्नल ते पुडकं मेमरीत सोडवतं, त्यातून ड्रायव्हर घेतं, मग खरी डिस्क उघडतं. ग्रबच्या ओळीत डिस्कचा जो लांबलचक यूयूआयडी असतो, तो ओळखण्याचं कामही याच पुडक्यातल्या स्क्रिप्ट करतात. नुसत्या कर्नलला फाइलसिस्टिमचा यूयूआयडी कळत नाही. म्हणून इनिटआरडी नसेल किंवा अपुरं असेल, तर बाकी सगळं बरोबर असूनही गाडी इथेच थांबते.

तर जुन्या कर्नलवरून बूट फोल्डर उघड. तुझ्या नव्या आवृत्तीच्या नावाची ‘व्हीएमलिनझ’ फाइल दिसेल. त्याच आवृत्तीची ‘इनिटआरडी डॉट आयएमजी’ फाइल आहे का? नसेल तर कारण सापडलं. पुडकं बांधायला ‘अपडेट-इनिट्रॅमएफएस’ला वजा सी, मग वजा के आणि पुढे आवृत्तीचं पूर्ण नाव दे. नंतर ‘अपडेट-ग्रब’ चालव. दोन्ही सुडोने. ग्रब अपडेट होताना जे छापलं जातं ते वाच. नव्या कर्नलच्या ओळीखाली इनिटआरडीची ओळ आलीच पाहिजे.

फाइल असेल तर तिचा आकार बघ. जुन्या कर्नलच्या इनिटआरडीशी ताडून बघ. अगदीच लहान असेल, तर मी पैजेवर सांगते, तू ‘मेक इन्स्टॉल’ आधी केलंस आणि ‘मेक मॉड्यूल्स इन्स्टॉल’ नंतर. हा क्रम उलटा चालत नाही. पुडकं बांधलं जातं ते ‘मेक इन्स्टॉल’च्या वेळी, आणि तेव्हा मॉड्यूलं त्यांच्या फोल्डरमध्ये आलेलीच नसतील तर पुडक्यात काय जाणार? मॉड्यूलं बसवून पुडकं परत बांध, काम होईल.

उलट, फाइल जुन्यापेक्षा कितीतरी पटीने मोठी, शेकडो एमबींची असेल, तर वेगळीच अडचण आहे आणि ती फार कमी जण सांगतात. उबुंटूची कॉन्फिग घेऊन बांधलं की प्रत्येक मॉड्यूलमध्ये डीबगची माहिती भरली जाते. उबुंटू स्वतः देताना ती काढून टाकतं, आपण बांधताना ती तशीच राहते. मग पुडकं इतकं फुगतं की काही मशिनांवर ग्रब ‘आउट ऑफ मेमरी’ म्हणतो आणि पुडक्याशिवायच कर्नल सोडून देतो. पडद्यावर शेवटी तीच शून्य-शून्यची ओळ येते आणि माणूस भलतीकडे शोधत बसतो. यावर उपाय सोपा आहे. मॉड्यूलं बसवताना कमांडमध्ये ‘इन्स्टॉल मॉड स्ट्रिप’ एकवर ठेवायचं, म्हणजे मोठ्या अक्षरांत, शब्दांमध्ये अंडरस्कोर, पुढे बरोबरचं चिन्ह आणि १. मग पुडकं परत बांधलं की ते आटोक्यात येतं. बूटचं पार्टिशन वेगळं आणि लहान असेल तर ते भरून जाऊन पुडकं अर्धवटही राहतं, म्हणून ‘डीएफ वजा एच’ने जागाही बघून ठेव.

आता समज, पुडकं आहे, आकारही ठीक आहे, तरी यादी रिकामी. मग प्रश्न तू कॉन्फिगमध्ये काय काढलंस हा. तूच मेसेजमध्ये लिहिलंयस, ‘ताई, नको ते सगळं काढून टाकलं, हलकं व्हावं म्हणून.’ हौस समजते मला. पण मेन्यूकॉन्फिगच्या त्या हजारो नोंदींत नको ते कोणतं हे नुसत्या नावावरून कळत नाही. अलीकडच्या बऱ्याच इंटेलच्या लॅपटॉपांत एनव्हीएमई डिस्क थेट दिसत नाही, ती व्हीएमडी नावाच्या एका कंट्रोलरच्या आड असते. पूर्ण नाव व्हॉल्यूम मॅनेजमेंट डिव्हाइस. मेन्यूत हे नाव वाचून कुणालाही वाटेल की हे मोठ्या सर्व्हरचं काहीतरी, आपल्याला काय करायचंय. ते काढलं की एनव्हीएमईचा ड्रायव्हर असूनही डिस्क गायब. जुन्या कर्नलवर ‘एलएसपीसीआय वजा के’ चालव. प्रत्येक चिपखाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ असं लिहून येतं. त्यात व्हीएमडी, एनव्हीएमई किंवा एएचसीआय, जे जे डिस्कशी संबंधित दिसेल ते कागदावर लिही आणि तुझ्या कॉन्फिगमध्ये एकेक शोध. मेन्यूकॉन्फिगमध्ये तिरकी रेघ दाबली की शोधता येतं. ज्याच्यापुढे एन किंवा काहीच नाही तो गुन्हेगार. पुढे एम असेल तर मॉड्यूल, म्हणजे पुडक्यावर अवलंबून. वाय असेल तर ते कर्नलच्या पोटात आहे, त्या ड्रायव्हरसाठी पुडक्याची गरज नाही. एक्स्ट४ आणि डिस्कचे ड्रायव्हर वाय करून टाक. थोडं वजन वाढेल, वाढू दे.

याच ठिकाणी अजून एक बारीक गोष्ट. पुडकं आवळून बांधलेलं असतं, आणि नव्या उबुंटूत त्यासाठी झेडएसटीडी वापरतात. तू इनिटआरडीचा आधार किंवा झेडएसटीडीचा आधार कॉन्फिगमधून काढला असशील, तर पुडकं समोर असूनही कर्नलला सोडवता येत नाही. वरच्या ओळींत ‘इनिट्रॅमएफएस अनपॅकिंग फेल्ड’ दिसलं तर बहुधा झेडएसटीडीचंच.

कधी पॅनिक येत नाही, त्याऐवजी कंसात ‘इनिट्रॅमएफएस’ लिहिलेला एक प्रॉम्प्ट येतो आणि वर ‘अलर्ट, यूयूआयडी डझ नॉट एक्झिस्ट’. मुलं हे बघून जास्त घाबरतात, खरं तर ही जास्त बरी अवस्था. पुडकं उघडलंय आणि आता ते तुला विचारतंय की डिस्क कुठे आहे. तिथे ‘कॅट’ करून प्रॉक फोल्डरमधली ‘पार्टिशन्स’ फाइल वाच. डिस्क दिसत असेल तर ‘एक्झिट’ म्हणून बघ, काही वेळा ती उशिरा जागी होते आणि गाडी पुढे जाते. दिसत नसेल तर परत ड्रायव्हरच.

बाकीच्या भानगडी थोडक्यात. ‘बॅड शिम सिग्नेचर’ आणि ‘यू नीड टू लोड द कर्नल फर्स्ट’ असं ग्रबनेच म्हटलं तर सिक्युअर बूटने तुझं कर्नल अडवलंय, कारण त्यावर सही नाही. शिकण्यापुरतं बायोसमध्ये जाऊन सिक्युअर बूट बंद केलंस तरी चालेल. त्याच लॅपटॉपवर विंडोज असेल आणि त्याला बिटलॉकर असेल, तर त्याची रिकव्हरी की आधी लिहून घे, नाहीतर तिकडे दार बंद होईल. पडदा नुसता काळा, पण आत डिस्कचा दिवा लुकलुकतोय, तर बहुधा ग्राफिक्सचा ड्रायव्हर गेलाय. लिनक्सच्या ओळीत ‘नोमोडसेट’ लिहून बघ. डिस्क उघडल्यानंतर सिस्टिमडी कुरकुर करत असेल तर सीग्रुप आणि डेव्हटीएमपीएफएस काढले आहेस का ते पाहा, त्यांच्याशिवाय ते चालत नाही. आणि लॅपटॉप इथपर्यंत आला असेल तर जुन्या कर्नलवरून ‘जर्नलसीटीएल’ला वजा के, वजा बी आणि वजा १ देऊन मागच्या बूटमधली कर्नलची सगळी नोंद वाचता येते. डिस्क उघडायच्या आधीच पॅनिक झालं असेल तर मात्र तिथे काहीच सापडणार नाही. तेव्हा तुझा व्हिडिओच कामाचा.

तुला लॅबमध्ये कोणीतरी विचारलं म्हणे, ‘ओझरला बसून कर्नल बांधून काय करणार?’ हा प्रश्न मला फार लागला. अगं, तुझ्या घरापासून नारायणगाव ओलांडलं की खोडद. तिथल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या डिश तू लहानपणापासून एसटीच्या खिडकीतून बघितल्यात. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या अशा ३० डिश. १४ मधल्या भागात जवळजवळ, उरलेल्या १६ इंग्रजी वायच्या आकारात तीन दिशांना, टोकापासून टोकापर्यंत सुमारे २५ किलोमीटर पसरलेल्या. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या एनसीआरएची ही दुर्बीण डॉ. गोविंद स्वरूप यांनी उभी केली. परदेशी नमुना विकत आणून बसवणं आपल्याला परवडणारं नव्हतं. म्हणून बारीक तारांची हलकी जाळी दोरांवर ताणून डिश करायची, ही कल्पनाच त्यांनी इथे जन्माला घातली. २०२० मध्ये आयईईईने या दुर्बिणीला जगातल्या महत्त्वाच्या तांत्रिक कामांच्या यादीत जागा दिली.

पण मला सांगायचंय ते डिशच्या मागच्या खोलीतलं. ३० डिशकडून येणारा प्रत्येक संकेत दुसऱ्या प्रत्येक डिशच्या संकेताशी पडताळावा लागतो. तीसमधल्या दोन-दोन घेतल्या तर ४३५ जोड्या होतात, आणि हे सगळं त्या-त्या क्षणीच करायचं, कारण आकाश थांबून राहत नाही. आधी हे काम खास बनवलेल्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेकडे होतं. २०१० च्या सुमारास जीएमआरटीच्या लोकांनी ते बाजारात मिळणाऱ्या साध्या संगणकांच्या लिनक्स क्लस्टरवर आणलं आणि सॉफ्टवेअरने करून दाखवलं. जीएमआरटी सॉफ्टवेअर बॅकएंड त्याचं नाव. नंतर दुर्बीण अद्ययावत करताना एकावेळी ४०० मेगाहर्ट्‌झपर्यंतचा पट्टा घेता यावा म्हणून एफपीजीए आणि ग्राफिक्स कार्डं आली. अशा ठिकाणी बाहेरचा डेटा आत घेणारं कार्ड असतं, त्याचा ड्रायव्हर एका ठरावीक कर्नलशी जमवून बांधलेला असतो. तो नव्या कर्नलवर चालला नाही की तुझ्यासारखंच कोणीतरी मागच्या ओळी वाचत बसतं. जुन्नर तालुक्यात बसून कर्नल समजून घेण्याला काय अर्थ आहे, याचं उत्तर तुझ्या गावाशेजारी उभं आहे.

आणि अजून एक. तू जो सोर्स डाउनलोड केलास त्यात ‘कर्नल’ फोल्डर, त्यात ‘डीबग’ फोल्डर, त्यात ‘डीबग कोअर’ नावाची सी फाइल उघड. वरच्या नावांत अमित एस. काळे हे नाव दिसेल. केजीडीबी नावाचं, चालू कर्नलच्या आत डोकावून चुका शोधायचं साधन आहे. २००३-०४ च्या काळात ते सांभाळणाऱ्यांत पुण्याच्या लिनसिससॉफ्टचे काळे होते. नंतर बऱ्याच हातांतून जाऊन २००८ मध्ये २.६.२६ या आवृत्तीत ते मूळ कर्नलमध्ये आलं. कर्नल का अडलं हे शोधण्याच्या साधनात पुण्याच्या माणसाचा हात आहे, आणि ते आत्ता तुझ्या डिस्कवर आहे. मला हे फार मोलाचं वाटतं. तू ती फाइल नुसती बघून ये, आत्ता समजली नाही तरी चालेल.

पुढच्या वेळी असं कर. उबुंटूच्या कर्नलवर असतानाच बूट फोल्डरमधली त्याची कॉन्फिग उचल, सोर्सच्या फोल्डरमध्ये डॉट कॉन्फिग नावाने ठेव आणि ‘मेक ओल्डडेफकॉन्फिग’ दे. हलकंच करायचं असेल तर हाताने छाटण्यापेक्षा ‘मेक लोकलमॉडकॉन्फिग’ वापर. ते त्या क्षणी चालू असलेली मॉड्यूलंच ठेवतं. म्हणून ते चालवायच्या आधी तुझं सगळं सामान जोडून वापरून घे: पेनड्राइव्ह लावून उघड, हेडफोन, कॅमेरा, ब्लूटूथ, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे फोन. तू फोनचं नेट यूएसबी केबलने घेतेस. त्याचा ड्रायव्हर तेव्हा चालू नसेल तर नव्या कर्नलवर नेटच मिळणार नाही, आणि चतुर्थीला दर्शनाच्या गर्दीत गावातलं नेटवर्क कसं असतं ते तुला माहीत आहे. कर्नलचा सोर्स डाउनलोड करायचा तोही अशा दिवशी नको, दबलेली फाइलसुद्धा दीडशे एमबीच्या आसपास असते. गिटने घ्यायचा असेल तर ‘डेप्थ’ एक ठेव, नाहीतर सगळा इतिहास उतरत बसेल.

‘लोकलव्हर्जन’मध्ये तुझं स्वतःचं नाव घाल. तुझ्या कर्नलचं नाव वेगळं राहिलं की त्याची मॉड्यूलंही वेगळ्या फोल्डरमध्ये जातात आणि चालू कर्नलच्या मॉड्यूलांवर चुकूनही लिहिलं जात नाही. डॉट कॉन्फिगची एक प्रत घरच्या फोल्डरमध्ये ठेव. ‘मेक क्लीन’ ती ठेवतं, ‘मेक एमआरप्रॉपर’ ती पुसून टाकतं, आणि डॉटने सुरू होणारी फाइल साध्या यादीत दिसत नसल्याने ती गेल्याचंही पटकन कळत नाही. मध्येच वीज गेली आणि बॅटरीही संपली, तर परत ‘मेक’ दिल्यावर ते राहिलेलं पुढे नेतं. पण एखादी फाइल अर्धवट लिहिली गेली असेल तर विचित्र चुका येतात. मग जास्त शोधत बसू नकोस, ‘मेक क्लीन’ देऊन नव्याने चालव.

नवं कर्नल तपासायची एक युक्ती मी प्रत्येक नवीन मुलीला आवर्जून शिकवते. ग्रबच्या सेटिंगच्या फाइलमध्ये ‘ग्रब डिफॉल्ट’पुढे ‘सेव्ह्ड’ लिही, ‘अपडेट-ग्रब’ दे, ‘ग्रब-सेट-डिफॉल्ट’ने चालणारं जुनं कर्नल कायमचं ठरव, आणि नवं फक्त ‘ग्रब-रीबूट’ने सांग. तुझ्यासारख्या साध्या एक्स्ट४ मांडणीवर ते एकदाच वापरलं जातं. शिवाय नव्या कर्नलच्या ओळीत ‘पॅनिक’ बरोबर १० असं घाल. पॅनिक झालं तर दहा सेकंदांनी मशिन आपोआप रीस्टार्ट होतं आणि जुन्या, चालणाऱ्या कर्नलवर येतं. दूरच्या खोलीतल्या ज्या सर्व्हरपुढे बसायला कोणी नसतं, तिथे आम्ही असंच करतो. तुझ्या टेबलावर ही चैन वाटेल, पण सवय इथूनच लागते. दहा सेकंदांत वाचून होत नाही, म्हणून कारण शोधायचं असेल तेव्हा मात्र हा शब्द काढ.

एकावेळी एकच गोष्ट बदल. कॉन्फिगमधल्या तीन नोंदी एकदम बदलून कर्नल चालू झालं, तर कोणती लागू पडली हे तुला कळलेलंच नसतं. वही ठेव. काय बदललं, काय दिसलं. मोबाइलमध्ये नको, वहीत, कारण लॅपटॉप अडलेला असताना फोन व्हिडिओ काढण्यात अडकलेला असतो.

हे तुझ्या-माझ्यातच ठेव. लॅबमध्ये काही अडलं की कोणीतरी मुलगा ‘सरक, मी करतो’ म्हणत कीबोर्ड ओढून घेतो, हे तू मागे एकदा सांगितलं होतंस. वाईट हेतूने करत नसतील, पण परिणाम असा होतो की अडचण सुटते त्यांच्या डोक्यात आणि तू मागे उभी राहून बघत राहतेस. देऊ नकोस कीबोर्ड. ‘तू सांग, मी टाइप करते’ म्हण. वेळ लागेल, चिडतील, चिडू देत. घाबरल्यासारखं वाटलं तर बोलायला मी आहे, रात्री कितीही वाजता फोन कर. पण करताना ‘ताई, बूट होत नाही’ एवढंच सांगू नकोस. पार्टिशनच्या यादीखाली काय आलं, इनिटआरडीचा आकार किती आणि ‘एलएसपीसीआय’मध्ये डिस्कपुढे कोणता ड्रायव्हर लिहिलाय, हे तीन प्रश्न मी विचारणारच, उत्तरं जवळ ठेव. त्यातलं एक उत्तर शोधतानाच तुला कारण सापडलं तर फोन नाही केलास तरी चालेल, पण मला कळव, मला आवडेल.

२८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, खोडदला प्रदर्शन असतं, शाळांची पोरं मॉडेलं घेऊन येतात आणि जीएमआरटीची माणसं स्वतः समजावून सांगतात. या वर्षी मी सुट्टी काढून येतेय. सकाळी नारायणगावच्या स्टँडवर ये, एकत्र जाऊ. डिश तू पाहिल्याच आहेस, म्हणून गर्दीत डिशच्या फोटोसाठी रांग लावायची नाही. सरळ संगणकांचं काम सांगणाऱ्या टेबलावर जायचं आणि विचारायचं की कार्डाचा ड्रायव्हर नव्या कर्नलवर आणायचा असेल तर ते आधी काय तपासतात. विचारायचं तू, मी शेजारी उभी राहीन.